११३ वर्षं न दिसलेला रानपिंगळा

रानपिंगळा पाहायला रात्री बॅटरी घेऊन हिंडावं लागत नाही. सातपुड्यात पानगळ सुरू झाली की सकाळच्या उन्हात तो सागाच्या नाहीतर सालईच्या उघड्या फांदीवर येऊन बसतो आणि ऊन चढेपर्यंत बऱ्याचदा तिथेच असतो. आकाराने साळुंकीएवढा, डोकं अंगाच्या मानाने थोराड, डोळे पिवळेजर्द, पाय बोटांपर्यंत पांढऱ्या पिसांनी झाकलेले. घुबडांच्या कुळातला हा पक्षी दिवसाढवळ्या शिकार करतो, दिवसाढवळ्या साद घालतो. तरीही १८८४ नंतर ११३ वर्षं त्याची एकही खरी नोंद झाली नाही. तो नामशेष झाला असावा, असं पक्षितज्ज्ञ जवळजवळ धरूनच चालले होते. आणि तो होता कुठे, तर शहाद्याजवळच्या डोंगरात.

या पक्ष्याची शास्त्रीय ओळख झाली ती १८७३ मध्ये. त्याआधीच्या डिसेंबरात एफ. आर. ब्लिविट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने फुलझर परिसरात, बसना गावाजवळ एक लहानसं घुबड मारलं. हा भाग आज छत्तीसगडच्या महासमुंद जिल्ह्यात येतो. कातडं गेलं ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूमकडे. पुढे १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेतला तो हाच ह्यूम. हिंदुस्थानातल्या पक्ष्यांचा प्रचंड संग्रह त्याने जमवला होता आणि 'स्ट्रे फेदर्स' हे केवळ पक्ष्यांना वाहिलेलं नियतकालिक तो चालवत होता. हे घुबड नेहमीच्या पिंगळ्यापेक्षा वेगळं आहे हे त्याने ओळखलं आणि 'हेटेरोग्लॉक्स ब्लिविटी' असं त्याचं बारसं केलं. प्रजाती नवी तर होतीच, पण ह्यूमने तिच्यासाठी वंशसुद्धा नवा काढला.

दुसरा नमुना १८७७ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ व्हॅलेंटाइन बॉल याला ओडिशातल्या खरियारला मिळाला. त्यानंतर पाळी आपल्या खानदेशाची. मुंबई इलाख्यातला सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन याने १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला तळोदा-शहादा भागातून एकामागून एक असे काही रानपिंगळे मिळवले. त्या काळात पक्ष्यांचा अभ्यास बंदुकीने होत असे. पक्षी मारायचा, कातडं काढायचं, आत कापूस भरायचा आणि पायाला चिठ्ठी बांधायची. त्या चिठ्ठीवरचं गाव आणि तारीख हीच त्या पक्ष्याची कुंडली. सगळे मिळून जेमतेम सात नमुने जमले, ते देशोदेशींच्या संग्रहालयांत विखुरले आणि पुढे शांतता.

शोध घेतला गेला नाही असं नाही. सालिम अली आणि अमेरिकेचे डिलन रिप्ले या दिग्गजांनीही या पक्ष्याचा माग काढायचा प्रयत्न केला. मधूनच कुणी तो पाहिल्याचं सांगे, छायाचित्रंही पुढे येत, पण तपासल्यावर तो साधा ठिपकेवाला पिंगळा निघे. या सगळ्या शोधांच्या वाटेत एक नमुना उभा होता. १९१४ साली गुजरातमध्ये, तापीकाठच्या मांडवीजवळ मिळाल्याची चिठ्ठी त्याच्या पायाला होती. तो मिळवणारा म्हणून नाव होतं कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागनचं.

हा माइनर्ट्‌झहागन म्हणजे त्या काळातली बडी असामी. ब्रिटिश लष्करातला अधिकारी, पहिल्या महायुद्धातला गुप्तहेर, पक्ष्यांवर जाडजूड ग्रंथ लिहिणारा. १९३७ च्या अफगाणिस्तानच्या दौऱ्यात तो सालिम अलींचा सहप्रवासी होता. त्याचा शब्द म्हणजे पुरावा असं मानलं जाई. पण लंडनच्या संग्रहालयात त्याच्याबद्दल कुजबुज फार पूर्वीपासून होती. परवानगीविना नमुने बाहेर नेल्यावरून १९१९ मध्ये त्याला पक्षिविभागात यायला काही काळ बंदीही झाली होती. तरी मरेपर्यंत त्याचा मान राहिला. १९६७ साली तो गेला, आणि त्याचा संग्रह तोपर्यंत त्याच संग्रहालयाच्या कपाटांत जाऊन बसला होता.

१९९० च्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ दक्षिण आशियातल्या पक्ष्यांच्या मोठ्या संदर्भग्रंथावर काम करत होत्या. नकाशे काढताना त्यांना माइनर्ट्‌झहागनच्या नोंदी खुपू लागल्या. जे पक्षी जिथे असायला नकोत तिथे, जेव्हा असायला नकोत तेव्हा, फक्त याच माणसाला कसे मिळाले? रानपिंगळ्याचा १९१४ चा नमुना त्यांनी आणि पक्षितज्ज्ञ नायजेल कॉलर यांनी अक्षरशः शवविच्छेदनासारखा तपासला. कातडं काढणाऱ्या प्रत्येक माणसाची एक ढब असते. पंखाचा सांधा कसा सोडवायचा, पोटात किती भरायचं, शिवण कुठे घालायची, हे हाताच्या सवयीने ठरतं. या नमुन्याच्या क्ष-किरण चित्रात हात दिसला तो डेव्हिडसनचा. कुणीतरी डेव्हिडसनचा जुना रानपिंगळा उसवून, आतलं काढून, नव्याने भरून, नवी चिठ्ठी बांधून ठेवला होता. खानदेशातला १८८० च्या दशकातला चोरीचा पक्षी १९१४ चा गुजरातचा म्हणून खपला होता.

या प्रकरणाने माझा संताप होतो आणि तो लपवावासा वाटत नाही. माइनर्ट्‌झहागनने असे शेकडो नमुने पळवले, चिठ्ठ्या बदलल्या, हे आता उघड झालं आहे. नावलौकिकापोटी केलेली चोरी म्हणून ते सोडून देता येत नाही. विरळ होत चाललेल्या पक्ष्याला शोधायचं कुठे, हे ज्या कागदाच्या कपट्यावर ठरतं, तो कपटाच खोटा केला तर शोध घेणारे चुकीच्या जंगलात जाणारच. रानपिंगळ्याच्या बाबतीत नेमकं तेच झालं.

खोटी नोंद बाजूला काढल्यावर खरी ठिकाणं उरली तीनच: फुलझर, खरियार आणि खानदेश. रासमुसेन यांनी संग्रहालयांतले नमुने समोर ठेवून रानपिंगळ्याच्या खुणांची यादी केली आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये बेन किंग व डेव्हिड ॲबट या पक्षी-अभ्यासकांसह त्या भारतात आल्या. पूर्वेकडच्या दोन्ही जागी हाती काही लागलं नाही. मग ते शहाद्याला आले. तेव्हा हा भाग धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा झाला तो पुढच्या वर्षी. २५ नोव्हेंबरच्या सकाळी, सातपुड्याच्या पायथ्याच्या डोंगरात, बेन किंग यांना एका उघड्या फांदीवर घुबड दिसलं. रासमुसेन यांनी आधी व्हिडिओ कॅमेरा डोळ्याला लावला, कारण पक्षी उडून गेला असता तर जगाने विश्वास ठेवला नसता. पक्षी उडाला नाही. माथ्यावर ठिपके नव्हते, छाती तपकिरी होती, पोट पांढरं होतं, पाय पिसांनी भरलेले होते. यादीतली एकेक खूण जुळत गेली.

मला या शोधातली खरी कमाई ती यादी वाटते. शेवटचा खरा नमुना जिथून गेला होता त्याच परिसरात पक्षी सापडला. म्हणजे मधल्या काळात तो कुठे दडला नव्हता. काय पाहायचं हे ठाऊक असलेली नजर तिथे पोचायचीच राहिली होती.

या खुणा आपणही नीट जाणून घ्यायला हव्यात, कारण महाराष्ट्रात हिंडणाऱ्या कुणालाही त्या उपयोगी पडतील. गावात, वडाच्या ढोलीत किंवा पडक्या भिंतीच्या भोकात दिसतो तो ठिपकेवाला पिंगळा. त्याच्या माथ्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके विखुरलेले असतात, खालच्या बाजूला तपकिरी ठिपक्यांची रेलचेल असते आणि तिन्हीसांजेला त्याचा चिरचिरा कलकलाट सुरू होतो. दुसरा जंगली पिंगळा. त्याच्या अंगभर बारीक आडव्या रेघा असतात, डोकं गोल गरगरीत. रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ कोरा, राखट तपकिरी. पंखांवर आणि शेपटीवर रुंद, ठसठशीत पांढरे पट्टे. छातीवर तपकिरी रंगाचा सलग पट्टा, कुशींना आडव्या रेघा, आणि पोटाचा मधला भाग खालपर्यंत स्वच्छ पांढरा. चोच आणि नखं त्याच्या आकाराच्या मानाने दणकट. आणखी एक खूण पुस्तकातल्या चित्रात दिसत नाही, ती प्रत्यक्षात पाहावी लागते: बेचैन झाला की तो शेपटी डावी-उजवीकडे झटझट हलवतो. साद म्हणाल तर मोकळी, गोलसर, आखूड शीळ. ती पिंगळ्याच्या कलकलाटात मुळीच मिसळत नाही.

शोध लागल्यानंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी तोरणमाळ आणि आसपासच्या जंगलात या पक्ष्याचा पहिला सविस्तर अभ्यास केला. तोवर तो खातो काय, घरटं कुठे करतो, पिल्लं कधी होतात, याची जगात कुणाला काडीचीही माहिती नव्हती. ह्यूमच्या काळापासून असलेलं सगळं ज्ञान मेलेल्या पक्ष्यांचं होतं. पुढे पुण्याच्या वाइल्डलाइफ रिसर्च अँड कॉन्झर्वेशन सोसायटीच्या प्राची मेहता, जयंत कुलकर्णी आणि इतर अभ्यासकांनी मेळघाट आणि मध्य प्रदेशातली जंगलं पालथी घातली. आज आपल्याला जे माहीत आहे ते बहुतेक या लोकांच्या पायपिटीतून आलेलं आहे.

त्यातून उभा राहिलेला पक्षी असा. त्याचं मुख्य अन्न पालीच्या जातकुळीतले प्राणी: सरडे आणि विशेषतः सापसुरळ्या. त्यांचा वाटा निम्म्याहून जास्त. उरलेल्यात उंदीर, टोळ आणि इतर किडे, बेडूक, कधीतरी एखादा लहान पक्षी. दिवसा शिकार करण्याचं कारण इथेच आहे. सापसुरळी ऊन खायला बाहेर पडते ती सकाळी, वाळक्या पाचोळ्यात. रानपिंगळा फांदीवर बसून खाली एकटक पाहत राहतो. मान वळते, अंग हलत नाही. पाचोळ्यात जरा सळसळ झाली की सरळ खाली झेप, आणि परत त्याच नाहीतर शेजारच्या फांदीवर. कोतवाल आणि इतर लहान पक्षी त्याला ओळखून असतात. त्याला बसलेला पाहिला की भोवती जमून ओरडा करतात. जंगलात हिंडताना असा गिल्ला कानावर आला तर तो कुणावर चालला आहे हे थांबून पाहावं.

अशा शिकाऱ्याला गच्च, अंधारं जंगल नको असतं. त्याला हवं असतं विरळ, कोरडं पानझडी रान: साग, सालई, धावडा, मोई, मध्ये मोकळी जमीन. आपल्याकडे जंगल म्हटलं की दाट हिरवाई एवढंच चांगलं, ही समजूत पक्की बसली आहे. उन्हाळ्यात खडखडीत दिसणाऱ्या सागाच्या रानाला आपण ओसाड म्हणून मोकळे होतो. रानपिंगळ्याचं सगळं आयुष्य त्या ओसाडात चालतं.

मात्र त्या विरळ रानात त्याला एक गोष्ट हमखास लागते: ढोली असलेलं जुनं झाड. तो स्वतः ढोली कोरत नाही. सुतार पक्ष्याने कोरून सोडलेली किंवा फांदी मोडून कुजत गेलेल्या जागी आपोआप झालेली पोकळी तो घेतो. हिवाळ्यात जोडी जमते. जानेवारी-फेब्रुवारीत शीळ जास्त ऐकू येते, मग मादी ढोलीत बसते आणि नर तिला शिकार आणून देतो. अंडी बहुधा दोन. पिल्लं ढोलीबाहेर पडायला साधारण महिना लागतो. इतक्या थोड्या पिल्लांतलीही सगळी वाचत नाहीत. सातपुड्यातल्या अभ्यासात आईबापांपैकी एकाने आपलीच पिल्लं खाल्ल्याची नोंदही आहे. शिकारी पक्ष्यांत ही गोष्ट अघटित नाही, पण एवढ्या विरळ पक्ष्याच्या बाबतीत वाचताना जिवाला लागते. शिवाय ढोलीवर हक्क सांगणारे कमी नसतात. पोपट आणि ठिपकेवाला पिंगळा यांनाही तीच जागा हवी असते. जंगल तुटून शेतं पुढे सरकली की ठिपकेवाला पिंगळा त्यांच्यासोबत आत येतो, आणि तिथे चढाओढ वाढते.

म्हणून मला असं ठामपणे वाटतं, की रानपिंगळ्याचं भवितव्य जंगलाच्या एकूण क्षेत्रफळाइतकंच त्यातल्या म्हाताऱ्या झाडांवर ठरणार आहे. सरळसोट, जोमदार सागाची किंमत सगळ्यांना कळते. वाकडं, पोकळ, अर्धं वाळलेलं झाड सरकारी हिशेबात निरुपयोगी आणि गावाच्या हिशेबात सरपण. कुऱ्हाड पहिली त्याच्यावर पडते. त्यात दर उन्हाळ्यात लागणारे वणवे. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, तेंदूपत्त्याला नवी पालवी यावी म्हणूनही आग लावतात, आणि ती हाताबाहेर जाते. पोकळ खोडाच्या बुंध्याला आग लागली की ते झाड धुराड्यासारखं आतून पेटतं. हिरवं झाड त्याच वणव्यातून तगून जातं, ढोलीचं झाड जमीनदोस्त होतं. आणि वणव्यांचे हे दिवस पिल्लांच्या दिवसांना लागूनच येतात.

यात डोंगरात राहणाऱ्या पावरा, भिल्ल किंवा कोरकू माणसाला खलनायक करणं अन्यायाचं आहे. त्याची चूल लाकडावर चालते आणि मोहाचं फूल हा त्याच्या वर्षाच्या मिळकतीचा मोठा भाग आहे. चुलीला पर्याय दिला, पाचोळा न पेटवता झाडाखाली जाळी अंथरून फुलं गोळा करायची सोय केली, तर वणवे कमी होतील; त्याने पक्ष्याचं भलं होईल आणि माणसाचंही. लहान मुलांच्या गलोली, शेतातली उंदीर मारायची औषधं, जादूटोण्यासाठी होणारी घुबडांची हत्या, हे इतर धोके आहेतच. घुबडाचं घराजवळ ओरडणं अशुभ, हा समज शहरातल्या शिकलेल्या घरांतूनही गेलेला नाही. तापीवरच्या प्रस्तावित जलप्रकल्पांचा प्रश्न मोठा आहे, कारण सातपुड्यातल्या सुपीक, सखल दऱ्या हीच या पक्ष्याची आवडती जागा, आणि पाणी साठतं तेही तिथेच.

चांगल्या बातम्याही आहेत. मेळघाटात रानपिंगळे भरवशाने दिसतात. या पक्ष्याचा सगळ्यांत भक्कम आसरा आज मेळघाटच मानला जातो. यावल, तोरणमाळ, मध्य प्रदेशातला खंडवा-बऱ्हाणपूर पट्टा इथेही तो आहे. २०१४ साली तो ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यात दिसला. मुंबईला पाणी पाजणाऱ्या तलावाभोवतीचं हे जंगल, सातपुड्यापासून इतकं दूर. तिथे तो असेल असं कुणी मनातही आणलं नव्हतं. त्याच सुमारास गुजरातमधल्या डांगच्या पूर्णा अभयारण्यातही त्याची नोंद झाली. या नव्या नोंदींमुळे २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने, म्हणजे आययूसीएनने, त्याला 'अतिसंकटग्रस्त' गटातून काढून 'संकटग्रस्त' गटात घेतलं. त्याच वर्षी जनुकांच्या अभ्यासातून हेही दिसलं की ह्यूमने काढलेला वेगळा वंश टिकणारा नाही, रानपिंगळा आपल्या पिंगळ्यांच्याच 'अथीनी' वंशात बसतो. गट बदलला म्हणून निश्चिंत व्हावं अशी स्थिती मात्र नाही. साऱ्या जगात प्रौढ रानपिंगळ्यांची संख्या २५० ते १,००० च्या दरम्यान असावी असा अंदाज आहे, आणि ते सगळे फक्त भारतात आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचं नाव आहे, पण ढोलीच्या झाडाला कुठलीच अनुसूची नाही.

मेळघाटला, तोरणमाळला किंवा तानसाला जाल तेव्हा दिसलेल्या प्रत्येक पिंगळ्याचा माथा आणि पोट नीट पाहा, फोटो काढा, जागा आणि तारीख लिहून ठेवा आणि ती नोंद वनखात्याला किंवा अभ्यासकांना कळवा. मोबाइलवर त्याची शीळ वाजवून त्याला बोलावू नका; विणीच्या दिवसांत नर त्या खोट्या प्रतिस्पर्ध्यामागे धावत राहतो आणि ढोलीत मादी उपाशी बसते. घरट्याची जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. आणि तुमच्या शेताच्या बांधावर, गावाच्या रानात एखादं पोकळ, वाळकं झाड उभं असेल, तर ते तसंच उभं राहू द्या.